शिक्षा भोगून आलेल्या पाळकाला क्षमा करायची म्हणजे पुलपिट, म्हणजे उपदेशाची जागाही, परत द्यायची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. संडे स्कूलमधल्या अल्पवयीन मुलीशी गैरवर्तन केलं म्हणून तुमच्या पाळकांना पॉक्सोखाली, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, शिक्षा झाली. ती भोगून ते परत आले, मंडळीसमोर रडून क्षमा मागितली आणि आता मंडळीचा कारभार पाहणारे पंच त्यांना पुन्हा उपदेशाला उभं करायला निघालेत. तुम्ही विरोध केला तर तुम्हालाच 'क्षमा न करणारे' म्हणतात. शिवाय त्यांच्या हातून झालेला तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा खरा मानायचा का, हीही टोचणी आहे.

विरोध करा, त्यात पाप नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीत बरीच वर्षं पंच आहे, आणि हा घोळ मी जवळून पाहिलाय.

क्षमा त्या माणसाला मिळते. पुलपिट त्याचं नव्हतंच, ते मंडळीनं त्याच्यावर विश्वास टाकून दिलं होतं. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात चुकलेल्याला सौम्यतेनं ताळ्यावर आणा असं सांगितलंय. पद परत द्या असं तिथं कुठंही नाही. पदाबद्दल पहिल्या तीमथ्याचा तिसरा अध्याय बोलतो: अध्यक्ष निर्दोष असावा, आणि बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. आपल्याकडे हे बाहेरचे लोक कोण? ख्रिस्ती घरं मूठभर आणि बाकी अख्खा गाव. एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीला पंचांच्या ठरावाआधी सगळं ठाऊक असतं.

आमच्याकडचं प्रकरण पैशाचं होतं. तुमच्यापेक्षा खूप हलकं, तरी सांगतो. आमच्या एका माजी पाळकांनी 'पोराला मिशनच्या शाळेत शिपाई लावून देतो' म्हणून चार-पाच घरांकडून पैसे घेतले. त्यात एक विधवा मावशी होती. कोरडवाहू दोन एकर, आणि त्या सालचा कापसाचा सगळा चुकारा तिनं पाळकसाहेबांच्या हातात दिलेला. नोकरी कसली, काहीच नाही. प्रकरण पोलिसांत गेलं, साहेब जामिनावर सुटले आणि एका रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून रडले. लोक उठून त्यांना मिठ्या मारायला लागले. मागं सतरंजीवर बसलेल्या मावशीला कुणीतरी म्हणालं, "मावशे, माफ कर ना वं. तू माफ करशील तं देव तुले माफ करन." मावशीनं बायबलच्या चेनवाल्या कव्हरातून जिनिंगवरची काटा पावती काढली, साहेबांसमोर धरली आणि म्हणाली, "माफ तं केलं जी. पैशे कवा देता?"

बैठकीचा सूर तिथंच बदलला. पुढं ठराव झाला: उपदेश नाही, प्रभुभोजन वाटणं नाही, दानाच्या पेटीला हात नाही, भक्तीला यावं, लोकांत बसावं आणि दर महिन्याला हप्ता फेडावा. ते आता एका कृषी केंद्रात बिलं फाडतात आणि हप्ता देतात. कधी चुकतो, मग मावशी त्यांच्या दारात जाऊन बसते.

बायबलला हे परकं नाही. जकातदार जक्कयानं कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो म्हटलं, आणि येशूनं 'आज ह्या घराला तारण झाले' म्हटलं ते त्यानंतर. तुमच्या प्रकरणात मात्र चौपट काय देणार? लेकराचं गेलेलं परत देता येत नाही. म्हणून तर लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात टाकलेलं बरं, असं लूकच्या सतराव्या अध्यायात आहे. येशू इतकं कडक फार थोड्या ठिकाणी बोललाय.

आता पंच तुमच्यासमोर पेत्राचं उदाहरण ठेवतील. पेत्र हा येशूचा शिष्य, 'मी येशूला ओळखत नाही' असं तो घाबरून खोटं बोलला, त्यानं कुण्या दुबळ्याचा गैरफायदा घेतला नाही. आणि त्याला 'माझी मेंढरे चार' असं म्हणणारा कोण? ज्याला त्यानं नाकारलं तो स्वतः, तेही तीनदा विचारून. तुमच्या पंचांनी त्या मुलीला एकदा तरी विचारलं का? (विचारायला तिच्या घरी मात्र जाऊ नका. तिच्यावर पुन्हा दडपण येईल.) दावीद राजानं उरियाची बायको घेतली आणि त्याला मारवलं, ते उदाहरण तर मुळीच चालणार नाही. त्याला देवानं क्षमा केली, पण तलवार त्याच्या घरातून हटली नाही, आणि ज्याचा त्यानं घात केला तो उरिया क्षमा द्यायला जिवंतच नव्हता.

'माझ्या अभिषिक्ताला (देवानं निवडलेल्याला) हात लावू नका' हे तिसरं. आपल्या भागात हे वचन तोंड बंद करायला सर्रास वापरतात. 105 वं स्तोत्र उघडून बाराव्या ओवीपासून वाचा. तिथले अभिषिक्त म्हणजे मूठभर, परक्या मुलखात भटकणारे लोक, आणि ताकीद आहे ती राजांना. ते वचन कुणाच्या बाजूचं असेल तर त्या मुलीच्या.

'विश्वासणाऱ्यांनी कोर्टात जाऊ नये' हेही ऐकवतील. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल आपसांतल्या व्यवहाराच्या भांडणांबद्दल बोलतोय. स्वतःवर आरोप आले तेव्हा त्यानं कैसराकडे दाद मागितली आणि म्हणाला, मी मरणास योग्य असं काही केलं असेल तर मरायला नाही म्हणत नाही. गावच्या तंटामुक्ती समितीत मिटवायचा हा विषयच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. तुमच्याकडे शिक्षा झाली म्हणजे कुणीतरी हे धाडस केलं होतं. पुन्हा अशी शंका आली तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि मुलीचं नाव कुठंही घेऊ नका.

कॅथलिक मंडळीनं हा धडा फार उशिरा घेतला. दोषी धर्मगुरूंची इकडून तिकडे बदली करत वर्षं गेली. शेवटी 2002 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी लहानांना इजा करणाऱ्यांना याजकपदात जागा नाही असं जाहीर सांगितलं. केरळच्या कोट्टियूर प्रकरणात, जिथं एका कॅथलिक धर्मगुरूनं अल्पवयीन मुलीवर अत्याचार केला, खालच्या कोर्टानं 2019 मध्ये 20 वर्षांची शिक्षा सुनावली, आणि पुढं त्या इसमाचं याजकपदही काढून घेतलं गेलं. पीडितेशी लग्न लावून प्रकरण मिटवायची धडपडही झाली. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली नाही. आपल्या लहान, स्वतंत्र मंडळ्यांवर बिशप नाही, वरचं ऑफिस नाही. तिथं सगळं पंचांवरच येतं, आणि पाळक शेजारच्या तालुक्यात नवं चर्च काढून बसला तर त्याला विचारणारंही कुणी नाही.

मग त्या माणसाचं काय करायचं? भक्तीला येऊ द्या, पण एक जबाबदार माणूस सोबत ठेवून. संडे स्कूल, युथ, घरोघरच्या प्रार्थना, लेकरांना गाडीवर बसवून नेणं, यातलं काही नाही, आणि हे मिनिट बुकात लिहून सगळ्या पंचांच्या सह्या घ्या. मुलीचं कुटुंब त्याच चर्चमध्ये येत असेल तर त्यानं दुसरीकडे जावं, त्यांनी नाही. त्याच्या बायकोचा मात्र दोष नाही. मिशन कंपाउंडमधलं घर सुटलं की तिच्याशी बोलायला कुणी राहत नाही. बायकांनी तिच्याकडे जावं, पोरांच्या फीचं विचारावं.

राहिला बाप्तिस्मा. हा वाद चौथ्या शतकातला. छळाच्या काळात ज्यांनी पवित्र शास्त्र शत्रूंच्या हवाली केलं, त्यांच्या हातचे संस्कार खोटे, असं उत्तर आफ्रिकेतल्या डोनॅटिस्टांचं म्हणणं होतं. तिथल्याच ऑगस्टीन या बिशपनं त्यांना उत्तर दिलं की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो टिकत किंवा मोडत नाही. बहुतेक मंडळ्या आजही हेच मानतात. तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा पुन्हा करायची गरज नाही. सर्टिफिकेटवर त्या पाळकाची सही डोळ्यांना खुपत असेल तर आताच्या पंचांकडून रजिस्टरचा उतारा मागून घ्या.