वाचक विचारतात : पडणाऱ्या मुलाला किती सांभाळायचं?

(उत्तरं : आमच्या फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षिका)

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे दोन्ही पाय ताठ, पण स्प्लिंट (पोटरीपासून पावलापर्यंतचा प्लास्टिकचा आधार) घालून तो स्वतः चालतो. गेल्या सहा महिन्यांत मात्र फार पडायला लागलाय. सासूबाई म्हणतात, आता शाळेत उचलूनच नेत जा. काय करावं?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेली इजा. ती वाढत नाही, मुलगा वाढतोय. या वयात हाडं भराभर लांब होतात आणि ताठर स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत. पोटऱ्या आखडतात, गुडघे वाकलेले राहतात, बुटाचं टोक जमिनीला घासतं आणि मूल अडखळतं.

म्हणून आधी स्प्लिंट तपासा. बोटं तिच्या पुढे आली असतील, पट्टा आवळूनही टाच वर उचलली जात असेल, तर ती लहान झाली. काढल्यावर दिसणारी लाली वीस-तीस मिनिटांत जायला हवी. तासाभरानंतरही दिसली किंवा फोड आला तर जिथून बनवली तिथून दुरुस्त करून घ्या, घरी तापवून वाकवू नका. घालताना गुडघा वाकवून टाच पूर्ण मागे बसवायची, घोट्याचा पट्टा आधी आवळायचा, पोटरीचा नंतर. हे उलट केलं की टाच पुढे सरकते आणि दिवसभर घासत राहते. आत गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा, सुरकुती न पडू देता. बूट थोडा मोठा घ्या आणि त्यातला सुटा सोल काढा. नुसत्या स्प्लिंटवर फरशीवर चालू देऊ नका, प्लास्टिक घसरतं.

पोटरी रोज ताणा. मूल उताणं, गुडघा सरळ, टाच तुमच्या तळहातात आणि तळपाय तुमच्या मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागाला टेकलेला. पाऊल हळूहळू नडगीकडे न्या, ३० सेकंद धरा, प्रत्येक पायाला तीन-चार वेळा. नुसता पंजा दाबला तर पाऊल मधेच वाकतं, पोटरी ताणली जातच नाही. घरोघरी होते ती हीच चूक. पुढच्या तपासणीत खुब्याच्या एक्स-रेबद्दल विचारा. खुबा हळूहळू सरकतो तेव्हा सुरुवातीला दुखतही नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांची काळजी रास्त आहे, पण उचलून नेलेल्या मुलाचे पाय आणखी कमजोर होतात. त्यापेक्षा त्याला पडायला शिकवा. गादीवर, रोज दहा मिनिटं, आधी गुडघ्यांवर उभं राहून, जमलं की उभ्यानं. हनुवटी छातीशी, कोपर किंचित वाकलेले, अंग एका कुशीला वळवलेलं. ताठ हातावर पडलं की मनगट मोडतं. मग उठणं : आधी रांगण्याच्या स्थितीत यायचं, भरवशाचा पाय पुढे रोवायचा, त्याच गुडघ्यावर दोन्ही हात टेकून वर. लागलं नसेल तर मनात वीस आकडे मोजा आणि तोवर हात पुढे करू नका. आईला हे सगळ्यात अवघड जातं.

जत्रेत, लांबच्या फिरण्यात व्हीलचेअर जरूर वापरा. तिनं मूल चालणं विसरत नाही. दमलेलं मूल मात्र हमखास पडतं.

प्रश्न : आमच्या आठवीच्या वर्गात एका पायात कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या) घालणारी मुलगी आहे. हुशार आहे, पण मागे मागे राहते. तिच्यात नेतृत्व कसं आणावं? हिवाळ्यात डोंगरावरच्या पांडवलेणीची सहल आहे, तिला न्यावं का?
– एक शिक्षक, निफाड तालुका

उत्तर : खेळाच्या तासाला ती काय करते? बहुतेक शाळांत अशी मुलं दप्तरं सांभाळतात. पॅरिस २०२४ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवणाऱ्या सचिन खिलारी यांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि त्याखाली हिला दप्तरं राखायला बसवायचं, यात काही अर्थ नाही. फेक बसूनही करता येते. बिनहाताची लोखंडी खुर्ची घ्या, खुर्चीचे पाय जमिनीतल्या खुंट्यांना बांधा (प्लास्टिकची खुर्ची उलटते), कमरेला पट्टा आणि सुरुवातीला एक किलोचा चेंडू.

जबाबदारी अशी द्या, की ती चुकली तर वर्गाला झळ बसेल. पाहुण्यांना गुलाब देणं ही जबाबदारी नव्हे. कबड्डीचे संघ पाडणं, साहित्याच्या खोलीची किल्ली, सामन्यांच्या वेळा हे सगळं सहा आठवडे तिच्याकडे, हाताखाली दोन मुलं. पहिल्या पंधरवड्यात संघ असमान पडतील, भांडणं होतील. तक्रार घेऊन आलेल्यांना तिच्याकडेच परत पाठवा. तुम्ही तिच्या वतीनं निकाल दिलात, की तिचं पद नावापुरतं उरलं. आणि ‘एवढं असूनही किती करते’ हे वाक्य सभेत नको. काय चांगलं केलं, तेवढं सांगा.

सहलीला न्याच, आणि आखणीही तिलाच करू द्या. आधी महिनाभर शाळेच्या जिन्यावर सराव करून घ्या : चढताना भरवशाचा पाय आधी, उतरताना कॅलिपरचा आधी. सकाळी लवकर निघा, वीसेक पायऱ्यांनंतर थांबा, उतरताना एक मोठं माणूस तिच्या एक पायरी खाली असू द्या. कॅलिपरचे स्क्रू ढिले होतात, म्हणून स्क्रू ड्रायव्हर सोबत घ्या. रांगेत तिला सर्वांत पुढे ठेवा आणि तिला कुणी ओलांडायचं नाही असं ठरवून टाका. मागे ठेवलीत तर ती पोहोचेपर्यंत पुढच्यांची विश्रांती संपलेली असते, ती टेकते न टेकते तोच रांग उठते. सगळ्यात कमी विश्रांती तिलाच मिळते.

प्रश्न : मुलीच्या हातात दोष आहे. दहावीला जास्त वेळ मिळेल का?
– एक पालक, सातपूर

उत्तर : मिळतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर आधार, फोटो आणि तपासण्यांचे कागद जोडून अर्ज करा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ताशी २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो, त्यामुळे कागदपत्रं नववीतच जमवायला घ्या. लेखनिक घेणार असाल तर त्याच्याबरोबर निदान पाच-सहा पेपर घड्याळ लावून सोडवा. गणितातल्या पायऱ्या आणि भूमितीच्या आकृत्या तोंडी सांगून काढून घेणं ऐनवेळी जमत नाही.