रंगीत लेन्ससाठी ईएमआय घेऊ का?

प्रश्न: वय 25, नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी, हातात 27 हजार येतात. नंबर उजव्या डोळ्याचा मायनस 2, डाव्याचा मायनस पावणेतीन. डिसेंबरात भावाचं लग्न आहे. बर्डीच्या दुकानात रंगीत लेन्सचे तीन प्रकार दाखवले: रोजच्या, म्हणजे एकदा घालून फेकायच्या, 10 लेन्सचा बॉक्स 900 रुपये, महिन्याच्या, 12 जोड्या 12 हजार, नो कॉस्ट ईएमआयवर, वर्षभराची जोडी 2,400. सोल्युशनची बाटली 350. महिन्यातून तीनदा तरी घालीन. 1,000 ची एसआयपी वर्षभर थांबवून ईएमआय घेऊ का?

उत्तर: एसआयपी थांबवू नका आणि 12 जोड्यांचं पॅक तर घेऊच नका.

महिन्याची लेन्स पाकीट फोडल्या दिवसापासून मोजतात. तुम्ही तीनदा घाला की तीसदा, महिना झाला की ती टाकायचीच. सोल्युशनही उघडल्यावर साधारण तीन महिनेच चालतं, म्हणजे वर्षाला चार बाटल्या, 1,400 रुपये. एकूण 13,400. वर्षातून 36 वेळा घातल्या तर एका वेळेला 370 च्या वर पडले. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी बँक सहसा प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लावते. मध्येच नंबर बदलला की उरलेल्या जोड्या वाया, हप्ते मात्र चालूच.

वर्षाची जोडी कागदावर सगळ्यात स्वस्त: सोल्युशन धरून 3,800, एका वेळेचे साधारण 105. तरीही मी ती सुचवणार नाही. लेन्सवर महिनोन् महिने थर साचत जातो, आणि वापर कधीमधी असला की डबीतलं सोल्युशन बदलायचं राहून जातं. घाईत कोणी नळाचं पाणी लावतं. त्यातून बुबुळाला संसर्ग झाला तर नजरच धोक्यात येते, आणि त्या खर्चाला मी कुठलाही आकडा लावू शकत नाही.

रोजच्या लेन्सची जोडी 180 ला पडते. सोल्युशन नाही, डबी नाही. वर्षाला 21 वेळांपर्यंत घालायच्या असतील तर त्या वर्षाच्या जोडीपेक्षाही महाग पडत नाहीत. म्हणून माझं सांगणं, तीनदाचं दोनदावर आणा आणि एप्रिल-मे सोडून द्या. नागपूरचं ते ऊन, कुलरचा झोत, वर्धा रोडवर गाडी चालवताना उडणारी धूळ, यात लेन्स कोरडी पडून डोळे चुरचुरतातच. वीस वेळांचे 3,600, महिन्याला 300 रुपये. एवढे पगारातून सहज निघतील. पुढे महिन्यातून सात-आठ वेळा घालायची वेळ आली तर महिन्याची जोडी परवडेल, पण तीही त्या-त्या महिन्यापुरती एकच घ्या.

एक गोष्ट दुकानात लक्षात ठेवा. एका बॉक्समध्ये एकाच नंबरच्या लेन्स असतात. तुमचे दोन्ही नंबर वेगळे, त्यामुळे पहिल्यांदाच दोन बॉक्स, 1,800 रुपये लागतील. त्यात दहा वेळा होतात. उरलेल्या सीलबंद राहतात, फक्त एक्स्पायरी बघून घ्या. आपल्या गडद तपकिरी डोळ्यांवर हलक्या छटेच्या लेन्स दिसतच नाहीत, अपारदर्शक रंगाच्याच घ्याव्या लागतात. त्या ट्रायल लावून, दिवसाच्या उजेडात बघून निवडा.

त्याआधी डोळे तपासून लेन्सचं माप घ्या. चष्म्याच्या चिठ्ठीवर लेन्सची गोलाई आणि व्यास नसतो. ही फी वाचवू नका.

लग्नात हळदीला लेन्स घालू नका, चष्माच बरा. संगीत, लग्न आणि रिसेप्शन मिळून तीन जोड्या लागतील. लेन्स आधी घाला, मेकअप नंतर. होमाच्या धुरात डोळे झोंबले तर लगेच काढून टाका, 180 रुपयांकडे बघू नका. आणि चष्मा पर्समध्ये असू द्या.