‘लिटल रेड डॉट्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न फोंड्याहून आला आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहायचे आहेत. जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत दिसणाऱ्या ‘लिटल रेड डॉट्स’ना ‘संहत लाल आकाशगंगा’ म्हणावं की ‘तांबडे बिंदू’? शिवाय, आपण गोव्यात तांबडंच म्हणतो, मग लाल कशाला, अशी पुस्ती जोडली आहे.

आधी ‘आकाशगंगा’ खोडा. मराठीत आकाशगंगा एकच, आपली. बाकीच्या साऱ्या दीर्घिका. सरसकट सगळ्यांना आकाशगंगा म्हणणं ही हिंदीची रीत. इंग्रजी ‘कॉम्पॅक्ट’साठी योजलेला ‘संहत’ हा शब्द विद्यार्थ्यांना भेटतो तो प्रयोगशाळेतल्या बाटलीवर, संहत सल्फ्युरिक आम्ल म्हणून. तिथे तो आकाराबद्दल काहीच सांगत नाही. ‘आटोपशीर’ लिहिलं तर फ्लॅटची जाहिरात वाटेल. गरज पडलीच तर ‘एकवटलेली’ म्हणा.

पण मुळात ‘दीर्घिका’ तरी लिहावं का? माझं मत, नाही. 2022 मध्ये पहिली चित्रं हाती आली तेव्हा या ठिपक्यांचा सगळा प्रकाश ताऱ्यांचा धरला गेला. तसं धरलं तर काहींमध्ये हजारो कोटी सूर्यांइतकं वस्तुमान निघत होतं, आणि हा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम 60-70 कोटी वर्षं. एवढ्या अवधीत इतके तारे जमवायचे तर हिशेब बसेना. पुढे वर्णपट घेतले, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून पाहिला, तर हायड्रोजनच्या रेषा रुंद निघाल्या. रुंदी गतीमुळे आहे असं धरल्यास वायू सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने फिरतोय, म्हणजे मधे कृष्णविवर हवं. मात्र अशा कृष्णविवरांभोवती एरवी सापडणारे क्ष-किरण इथे जवळजवळ नाहीत, आणि तापलेल्या धुळीची अवरक्त धगही नाही. म्हणून आता कृष्णविवराभोवती दाट हायड्रोजनचं जाड वेष्टन आहे, या कल्पनेकडे बऱ्याच जणांचा कल आहे. आतली ऊर्जा त्या वेष्टनातून झिरपते आणि बाहेरून ते ताऱ्यासारखं भासतं. रेषांची बरीचशी रुंदी इलेक्ट्रॉनांवर प्रकाश विखुरल्याने आलेली असेल, तर कृष्णविवरांचं वस्तुमानही आधीच्या अंदाजाहून पुष्कळ खाली येतं. भोवती तारे किती, यावर वाद चालूच आहे.

अशा वस्तूला ‘दीर्घिका’ म्हणणं म्हणजे खटला चालू असताना निकाल लिहिणं. नवताऱ्याचं असंच झालं. तो नवा नसतो, जुन्याच श्वेत बटूवर, म्हणजे ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्यावर, स्फोट होऊन तो उजळलेला असतो. पण नाव चिकटलं ते चिकटलं. ‘ठिपका’ फक्त दिसतं तेवढंच सांगतो.

मग बिंदू का नको? भूमितीतल्या बिंदूला लांबी-रुंदी नसते, आणि या वस्तूंना आकार आहे, फक्त तो दुर्बिणीला उलगडत नाही. रांगोळीचा ठिपका आठवा. पीठ कितीही बारीक असो, ठिपका चिमटीहून लहान पडत नाही. वेबची चिमटी 4.4 मायक्रॉन तरंगलांबीला सुमारे 0.15 विकलेची (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) आहे, कॅमेऱ्याचे जेमतेम सव्वादोन पिक्सेल. चित्रात दिसतो तो दुर्बिणीचा ठिपका. वस्तू त्याहून लहान आहे, बहुतेकींची त्रिज्या काहीशे प्रकाशवर्षांच्या आतच. टिंब लेखणीचं, टिकली कपाळाची. ती दोन्ही इथे नकोत.

‘लिटल’ गाळलं तरी चालेल, ठिपका लहानच असतो. पहिल्या उल्लेखात हवं तर ‘इवले’ लावा.

आता रंग. लाल फारसीतून आलेला, मुळात माणकाचा; तांबडा आपल्या ताम्रापासूनचा, तांब्याचा भाऊ. तांबडी भाजी आणि गावाला तांबडी सुर्ल म्हणणाऱ्या वाचकाला ‘तांबडे ठिपके’ अजिबात खटकणार नाही. विश्वाच्या पहाटेच्या गोष्टीला ‘तांबडं फुटलं’ची सावली मिळते ती वर. छापील मराठीत ‘लाल’ अधिक रुळलाय एवढंच. एका फलकावर एकच वापरा, दोन्ही मिसळू नका.

चूक होते ती पुढच्या वाक्यात : ‘ताम्रसृतीमुळे हे ठिपके लाल दिसतात.’ ताम्रसृती म्हणजे विश्व प्रसरण पावताना प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाणं. पण हे अर्धंच खरं. त्याच चित्रात तितक्याच दूरच्या कितीतरी दीर्घिका निळसर दिसतात, ताम्रसृती त्यांनाही तेवढीच आहे. ताम्रसृती 6 असेल तर प्रत्येक तरंगलांबी सातपट होते. हायड्रोजनची 0.656 मायक्रॉनची लाल रेषा 4.6 मायक्रॉनला पोचते, डोळ्यांच्या 0.7 च्या मर्यादेपलीकडे. म्हणजे चित्रातला लाल हा नेमून दिलेला रंग आहे. सर्वांत लांब तरंगलांबीच्या फिल्टरला लाल, आखूडला निळा. ठिपके लाल ठरतात कारण लांब टोकाला ते जास्त उजळ आहेत. वर्णपटाचा आलेख काढला तर तो इंग्रजी ‘व्ही’सारखा येतो : अतिनील बाजूकडून उतरतो, मूळच्या 0.36 मायक्रॉनच्या आसपास वळतो आणि पुढे चढतो. समुद्रात बुडणारा सूर्य हवेमुळे लाल होतो तसं धुळीने हे झालं असेल, असं आधी वाटलं होतं. आता बोट त्या दाट वायूकडे जास्त दाखवलं जातं.

एक घोटाळा टाळा. महास्फोटानंतर सुमारे 300 कोटी वर्षांनीही एकवटलेल्या लाल दीर्घिका सापडतात, काही हजार प्रकाशवर्षं रुंदीच्या. त्यांच्यात नवे तारे जन्मायचे थांबलेत, जुने उरलेत, म्हणून लाली. त्यांना दीर्घिका म्हणायला हरकत नाही. त्यांचं चित्र या फलकावर लावू नका.

मजकूर असा चालेल : ‘तांबडे ठिपके. महास्फोटानंतर 60 ते 150 कोटी वर्षांच्या काळात मुख्यतः आढळणाऱ्या, अतिशय लहान व दीर्घ तरंगलांबीत उजळ वस्तू. रंग नेमून दिलेले.’ शेवटचे तीन शब्द जागा कमी पडली तरी कापू नका.