मानपत्रात पोदेर कुठंय?

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

माझ्या बास्केटबॉल समालोचनाच्या सत्कारासाठी तू लिहिलेल्या मानपत्राचा मसुदा मिळाला. दोनदा वाचला: एकदा माझ्याबद्दल आहे म्हणून, आणि एकदा शाळेतल्या जुन्या सवयीने, लाल पेन हातात घेऊन. ज्याचा सत्कार त्यानेच मानपत्र तपासावं हे काही शोभत नाही. पण पाठवलंस तू, आणि डिसेंबरपासून माइकही तुझ्याच हातात, तेव्हा आता ऐकून घे.

'भारदस्त आवाज', 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व', 'क्रीडाक्षेत्रातील दीपस्तंभ'. इथे गोव्यात, फोंड्यात मी इतकी मानपत्रं ऐकली आहेत की मला ही पाठ आहेत. शाल बदलते, नारळ बदलतो, मजकूर तोच. 'भारदस्त'वर तर मी आधी काट मारली. डिसेंबरात रात्रीचं दंव पडू लागलं की माझा घसा बसतो आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत मी कसायाच्या, म्हणजे काढ्याच्या, थर्मासवर तगतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? थर्मास तूच भरून आणायचीस.

आणि आवाजाचं म्हणशील, तर अमेरिकेतल्या बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा समालोचक जॉनी मोस्ट बघ. १९५३ ते १९९० त्याने त्या संघाचे सामने रेडिओवरून सांगितले, आणि आवाज कसा, तर खडीवरून पत्रा ओढल्यासारखा. १५ एप्रिल १९६५, फिलाडेल्फियाविरुद्ध मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. बोस्टन एका गुणाने पुढे, पाच सेकंदं उरलेली, चेंडू फिलाडेल्फियाचा. बोस्टनच्या जॉन हॅवलिचेकने बाहेरून आलेला पास मध्येच उडवला आणि मोस्ट ओरडत सुटला, 'हॅवलिचेकने चेंडू चोरला!' त्या फाटक्या ओरडण्याची पुढे तबकडी निघाली. भारदस्त आवाजवाल्या किती जणांच्या तबकड्या लोकांनी विकत घेतल्या, विचार कर. (मोस्ट उघडउघड एका बाजूचा होता, ते मात्र उचलू नकोस. त्याला ते चालून गेलं. आपल्याकडे दोन्ही संघांचे मामे स्कोअररच्या टेबलामागेच उभे असतात.)

तू पहाटे साडेपाचचा गजर लावून एनबीए, ती अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघतेस, म्हणून आणखी एक तिथलंच सांगतो. लॉस एंजेलिस लेकर्स संघाचा समालोचक चिक हर्न. २१ नोव्हेंबर १९६५ ते १६ डिसेंबर २००१, सलग ३,३३८ सामने. गणिताचा मास्तर, म्हणून भागाकार करून पाहिला: छत्तीस वर्षं, वर्षाला ब्याण्णव-त्र्याण्णव सामने, एकही खाडा नाही. शेवटी खंड पडला तो हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेमुळे, तेव्हा तो ८५ वर्षांचा होता. एप्रिलमध्ये परत माइकपुढे येऊन बसला आणि ऑगस्ट २००२मध्ये गेला. 'स्लॅम डंक', 'एअर बॉल' हे आपली पोरं कोर्टावर येता-जाता म्हणतात ना, ते रूढ करण्याचं श्रेय लोक त्यालाच देतात.

पण मला त्याचं आवडतं ते वेगळंच. सामना पक्का हातात आला की तो म्हणायचा, सामना फ्रिजमध्ये गेला. दार बंद, दिवे बंद, अंडी गार व्हायला लागली, लोणी घट्ट होतंय, जेली थरथरतेय. बास्केटबॉल सांगता सांगता माणूस फ्रिजमध्ये का शिरतो? मला वाटतं, त्याला पक्कं माहीत होतं की ऐकणारा कुठे आहे. कोणीतरी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं आहे, हात गुंतलेले आहेत, कान मोकळे आहेत. लेकर्स कित्येक वर्षं त्याचा एकच आवाज टीव्हीवर आणि रेडिओवर, दोन्हीकडे लावत. म्हणजे बघणाऱ्यालाही तो न बघणाऱ्यासाठीच सांगत असे, आणि बघणाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

आता आपला पोदेर, म्हणजे पाववाला, घे.

मैदानाच्या कुंपणापलीकडे त्याची भट्टी. आपले सामने रंगात येतात तेव्हा तो उद्याच्या उंड्यांचं, म्हणजे पावांचं, पीठ मळत असतो. सव्वीस वर्षांत तो एकदाही कोर्टापर्यंत आलेला नाही. माझ्या दुसऱ्याच मोसमात, १९९८ची गोष्ट, सकाळी पाव घ्यायला गेलो तर पाव हातात द्यायच्या आधी म्हणतो, "मास्तर, काल मदींच स्कोर सांगपाक विसरले तुमी. हात पिठांत आसतना म्हाका कितें कळटलें?" मला राग आला होता. आदल्या रात्री दोनदा ज्यादा वेळेत गेलेला सामना मी एकट्याने ओढला होता, आयोजकांनी पाठ थोपटली होती, आणि हा पाववाला मला गुण मोजायला शिकवतो! घरी येईपर्यंत मात्र उमगलं की पाठ थोपटणाऱ्यांनी सामना पाहिला होता. ऐकला होता तो या एकट्या पोदेराने.

त्या दिवसापासून टेबलावर घड्याळ काढून ठेवू लागलो. दर दोन मिनिटांनी गुण आणि उरलेला वेळ, काहीही होवो. पुढे कधीतरी वाचलं की ब्रुकलिन डॉजर्सचा बेसबॉल समालोचक रेड बार्बर याच कामासाठी अंडी उकडायचं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ जवळ ठेवायचा. वाळू संपली की गुण सांगायचे आणि घड्याळ उलटं करायचं. मला बरं वाटलं, आपला पोदेर बार्बरच्याच पंगतीतला म्हणून. बास्केटबॉल तर त्याहून वेगवान. दर चोवीस सेकंदांच्या आत कोणीतरी बास्केटकडे चेंडू टाकणारच. तेव्हा तू दर मिनिटाला सांग. 'परत परत तेच काय' असं जो म्हणेल तो पहिल्या रांगेत बसलेला असतो. त्याच्याकडे बघू नकोस.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, घुमट आरतीत बघ. घुमट म्हणजे आपलं मातीचं चर्मवाद्य. घुमटवाल्याकडे सगळे बघतात, शामेळवाल्याला वाहवा मिळते. कासाळे, म्हणजे झांजा, वाजवणाऱ्याला कोणी विचारत नाही. पण त्याचा एक ठोका चुकू दे, गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीखालच्या साऱ्या माना वळतात. आपली जागा ती. माना वळल्या की समजायचं, ऐकत होते.

तू लिहिलं आहेस की मला 'रसिकांचं अलोट प्रेम' लाभलं. अलोट वगैरे काही नाही गं. पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या बास्केटबॉल संघाचा समालोचक बिल शोनली, त्याला लाभलं ते अलोट. १९७१मध्ये एका लांबवरच्या बास्केटवर त्याच्या तोंडून 'रिप सिटी!' असं काहीतरी निघून गेलं. ते कुठून आलं हे त्यालाही सांगता आलं नाही, आणि शहराला तेच नाव पडलं. १९९८मध्ये संघाने त्याला बाजूला केलं तेव्हा लोक इतके चिडले की राग काही केल्या निवेना. काही वर्षांनी त्याला सन्मानाने संघात परत बोलवावं लागलं.

माझंही एकदा तसंच झालं होतं, म्हणजे पहिला अर्धा भाग. एका वर्षी एका आयोजकाने मला न विचारता बाहेरून निवेदक आणला. चांगला होता, संगीत लावायचा, नाचवायचा लोकांना. कोणी मोर्चा काढला नाही. चार दिवसांनी पोदेराने पिशवीत दोन उंडे जास्त टाकले आणि पैसे घेतले नाहीत. बोलला काही नाही. तेवढ्यावर मी पुढची अठरा वर्षं काढली, हे खरं तर मानपत्रात यायला हवं.

त्या निवेदकाचं बिनसलं कुठे, तेही सांगतो, कारण तू तिथेच घसरतेस. नावं. आपल्या एकेका संघात चार नाईक आणि तीन फर्नांडिस. 'नाईकने पास दिला नाईकला, नाईकचा शॉट!' यातून भट्टीपाशी काय कळणार? सामन्याआधी अर्धा तास बेंचवर जाऊन बस. कोणाला घरी काय हाक मारतात, कोण कुठल्या वाड्यावरचा, विचार. वरच्या वाड्यावरचा नाईक, देवळाकडचा नाईक, चष्म्यावाला नाईक असं वहीत लिहून घे. आणि राखीव खेळाडूंचं आधी लिही. ते दोन मिनिटांसाठी उतरतात, आणि त्या दोन मिनिटांत आपल्या पोराचं नाव बरोबर ऐकायला सावईवेऱ्याहून आलेली एखादी आई शेवटची बस बुडवून थांबलेली असते. समालोचकाला लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात ते बहुधा अशा दोन मिनिटांसाठी. अंतिम सामना काय, कोणीही सांगेल. तो स्वतःच ओरडत असतो.

पडत्या संघाचंही तेच. तीस गुणांनी मागे पडलेल्या संघाच्या शेवटच्या पाच मिनिटांत तू गप्प होतेस, किंवा पुढच्या सामन्याची जाहिरात करतेस. मार्चमधल्या त्या सामन्यात मी मोजलं, तब्बल चाळीस सेकंदं कोर्टावर काय चाललंय ते तू सांगितलंच नाहीस. हरणारेही धावत होते.

आता मानपत्र. नवं लिही, एक पान पुरे. माझ्या गुणांची यादी नको. चार माणसांकडे जा आणि एवढंच विचार: मास्तरांची कॉमेंट्री ऐकताना तुम्ही काय करत होता? चणे विकणाऱ्या मावशीला विचार, तिला गिऱ्हाइकांमुळे कोर्ट कधी दिसतच नाही. कदंब परिवहनच्या रात्रीच्या बसच्या कंडक्टरला विचार. तो हल्ली मोबाइल खिशात ठेवून आपलं थेट प्रक्षेपण नुसतं ऐकतो, तिकिटं फाडता फाडता. ज्या राखीव पोराचं नाव मी २००६मध्ये चुकीचं घेतलं आणि जो अजून मला त्यावरून चिडवतो, त्यालाही विचार. तो आता दोन मुलींचा बाप आहे. सांगतील तसंच लिही, कोकणीत सांगितलं तर कोकणीतच राहू दे, मराठी करून गुळगुळीत करू नकोस. चुकाही येऊ देत.

आणि मसुद्यात शेवटी तू जे लिहिलंस, 'त्यांची जागा कोणीही घेऊ शकणार नाही', ते काढ. जागा तू घेते आहेस, डिसेंबरपासून. लॉस एंजेलिसमध्ये मैदानाबाहेर २०१०मध्ये हर्नचा पुतळा बसवला. माइकपुढे टेबलाशी बसलेला, आणि शेजारी एक रिकामी खुर्ची, वाटेल त्याने येऊन बसावं म्हणून. मला पुतळ्याची हौस नाही, पण खुर्चीची कल्पना पटली. स्कोअररच्या टेबलाशी एक जास्तीची मांडून ठेव. मी येईन, थर्मास मी आणीन. माइक मात्र माझ्याकडे सरकवू नकोस, मी घेईन.

सत्काराचं आमंत्रण पोदेराला दे, पण येणार नाही तो, पीठ वाट बघत नाही. त्यापेक्षा मांडववाल्याला सांगून दोन भोंग्यांपैकी एक भट्टीच्या दिशेने वळवून घे. दहाला भोंगे बंद करावे लागतात, तेव्हा भाषणं आटोपती ठेवायला सांग आणि तुझं वाचन साडेनऊच्या आत लाव.

तुझा,
मास्तर