पॅरिसमध्ये इतके माली लोक, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे लोक, का दिसतात? ते मुळात कसे असतात?

पॅरिसला पूर्वेकडून चिकटलेल्या मोंत्रयमध्ये मी तीन वर्षं भाड्याने राहिलो, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

आधी एक दुरुस्ती. मालीबाहेरचे सर्वाधिक माली लोक फ्रान्समध्ये नाहीत, शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये आहेत. फ्रान्सला आले ते मुख्यतः मालीच्या पश्चिम टोकाकडच्या एकाच भागातून, बहुतेक सोनिंके समाजाचे. तिथल्या मोठ्या शहराचा उच्चार आहे 'काय'. माझ्या ऑफिसातल्या त्राओरेला मी गाव विचारलं. तो म्हणाला, "काय." मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. असं तीनदा झालं.

१९६०च्या दशकात फ्रान्सला मोटार कारखान्यांत, बांधकामावर, रस्तेसफाईला माणसं हवी होती. थोरला भाऊ काही वर्षं राबून परतायचा, मग त्याच्या जागी धाकटा यायचा. १९७४ साली फ्रान्सने परदेशी कामगारांना दार लावलं आणि ही पाळी मोडली. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या धास्तीने आलेले इथेच राहिले. १९७६ पासून रीतसर बायकामुलांना आणता येऊ लागलं.

एकट्या पुरुषांची वसतिगृहं, म्हणजे 'फ्वाये', अजूनही आहेत. गिरणगावातली गावकीची खोली आठवा, तसंच. प्रत्येक गावाची वेगळी पेटी, ठरलेली वर्गणी. त्यातून गावात मशीद, विहीर, शाळा, दवाखाना उभा राहतो. इथे कोणी वारला तर त्याला मायदेशी न्यायचा खर्चही त्यातूनच. फ्वायेत बाहेरच्यालाही स्वस्तात जेवण मिळायचं. भात आणि 'माफे', म्हणजे मांस घातलेली शेंगदाण्याची दाट आमटी. मी मांस बाजूला सारून ती उपासाची आमटी समजून खायचो.

पण मला त्यांचं खरं वैभव वाटतं ते 'सनांकुया'. ठरावीक आडनावांच्या घराण्यांत एकमेकांची टर उडवायचा पिढीजात हक्क असतो आणि त्यावर रागवायचं नाही, असा दंडक. तेराव्या शतकात सुंदियाता केइताने माली साम्राज्य उभारलं तेव्हापासून ही रीत आहे, असं सांगतात. त्राओरे आणि जारा ही अशीच जोडी. आमच्या इमारतीचा पहारेकरी जारा. दोघांची ओळख नसताना पहिल्याच दिवशी त्राओरे त्याला म्हणाला, "चवळीखाऊ!" तिकडे ही ठरलेली शिवी. पहारेकऱ्याने उलट त्याला आपला गुलाम ठरवलं आणि दोघं पोट धरून हसले. भांडण पेटलं की अशा नात्यातलाच माणूस मध्ये पडतो, कारण त्याचं बोलणं कोणी मनाला लावून घेत नाही.

पुढे त्यांनी मलाही एक आडनाव दिलं, कुलिबाली. चवळीवरून सगळ्यात जास्त बोलणी खाणारं. चवळीची उसळ मला खरोखरच आवडते, हे मी सांगायला नको होतं.