पाठीतले पाणी काढू द्यावे का? मेंदूच्या संसर्गाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या चार पत्रांपैकी तीन पत्रे तातडीची होती. त्या वाचकांना त्याच दिवशी उत्तर कळवले आहे. येथील उत्तरे अशाच प्रसंगात सापडलेल्या इतरांसाठी आहेत.

प्रश्न : सासूबाईंना (वय 58) तीन आठवड्यांपासून बारीक ताप आणि डोकेदुखी आहे. चार दिवसांपासून उलट्या होतात आणि त्या असंबद्ध बोलतात. डॉक्टर पाठीतले पाणी काढून तपासू म्हणतात, पण त्याने माणूस लुळा पडतो असे नातेवाईक सांगतात. (ऐरोली)

आजच्या आज संमती द्या. रेंगाळलेला ताप, वाढत गेलेली डोकेदुखी आणि मग बोलण्यातला गोंधळ हा क्रम क्षयाच्या मेंदूज्वराचा असू शकतो. त्या आजारात शुद्ध हरपण्याआधी उपचार सुरू झाले तर रुग्ण बरा होण्याची आशा चांगली असते, आणि पुढचा प्रत्येक दिवस ती कमी करतो.

ही तपासणी 1891 मध्ये जर्मन वैद्य क्विंके यांनी रूढ केली. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो आणि सुई त्याच्या बऱ्याच खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये घालतात. तेथे पाण्यात सुटे तरंगणारे मज्जातंतू असतात आणि ते सुईपासून सहसा बाजूला सरकतात. मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे हे पाणी सुमारे 150 मिलिलिटर असते व दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर नव्याने तयार होते, त्यामुळे तपासणीसाठी काढलेले पाच-दहा मिलिलिटर तासाभरात भरून निघते. काहींचे डोके नंतर चार-सहा दिवस दुखते. मेंदूवर दाब वाढल्याची शंका असल्यास डॉक्टर आधी सीटी स्कॅन करतात. रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असेल तर ते मात्र आवर्जून सांगा.

मग ही भीती आली कोठून? माझ्या मते, उशीर झालेल्या रुग्णांमधून. मेंदूज्वरामुळेच हातपाय लुळे पडू शकतात, पण घरच्यांच्या लक्षात राहते ती सुई. या एका गैरसमजापायी लोक दोन-दोन दिवस सल्लामसलतीत घालवतात, याचे मला फार दुःख होते.

पाण्याचा अहवाल येण्याआधीच डॉक्टरांनी क्षयाची औषधे व स्टेरॉइड सुरू केले, तर ते योग्यच समजा. ही औषधे नऊ ते बारा महिने चालतात आणि सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. मेंदूतला क्षय दुसऱ्याला लागत नाही, फुप्फुसातला लागतो. म्हणून त्यांच्या छातीचा एक्स-रे काढावा आणि घरात पाच वर्षांखालील मूल असल्यास त्याचीही तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. मुलाला (वय 14) आकडी आली आणि एमआरआयमध्ये मेंदूत जंताची गाठ निघाली. कोबीतला किडा मेंदूत जातो म्हणून आम्ही कोबी बंद केला. योग्य केले ना? (कळवा)

कोबीचा यात दोष नाही. त्यावरच्या हिरव्या अळीचा आणि या जंताचा काहीही संबंध नाही. नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातून फीतकृमी माणसाच्या आतड्यात येतो आणि त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. सांडपाण्यावर वाढवलेली भाजी किंवा शौचानंतर हात न धुता स्वयंपाक करणारी व्यक्ती यांच्यामार्फत ती अंडी दुसऱ्याच्या, अगदी कांदा-लसूणही न खाणाऱ्याच्या, पोटात जातात आणि त्यांतली अळी रक्तातून मेंदूत पोहोचते. मीठपाण्याने अंडी मरत नाहीत, चांगली उकळल्यावर मरतात. त्यामुळे कोथिंबीर, मुळा, कोशिंबिरीची काकडी यांची काळजी शिजवलेल्या कोबीपेक्षा अधिक घ्यायला हवी. घरातल्या सर्वांची, आणि स्वयंपाकाला बाई येत असल्यास त्यांचीही, शौचतपासणी करावी.

गाठ वर्षानुवर्षे गप्प राहते आणि मरू लागली की भोवती सूज येऊन आकडी येते. एकच लहान गाठ असेल तर ती बहुधा काही महिन्यांत विरते. आकडीचे औषध सांगितलेला काळ चुकवू नका. जंताची गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका, कारण अळ्या एकदम मेल्यास सूज वाढू शकते. आकडी आली की मुलाला कुशीवर वळवा. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका आणि दातांत चमचा घालू नका.

प्रश्न : भटक्या पिल्लाने मुलीच्या (वय 7) पोटरीवर ओरखडा काढला, थोडे रक्त आले. हळद-चुना लावला. सहा दिवस झाले, पिल्लूही आता दिसत नाही. पोटात 14 इंजेक्शने घ्यावी लागतील का? (वर्तकनगर)

ती पोटातली इंजेक्शने भारतात 2005 पासून बंद झाली आहेत. आता लस दंडात देतात : सुरुवातीच्या दिवशी (तो शून्य धरून), मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि त्वचेत टोचल्यास चौदाव्या दिवशीची मात्रा लागत नाही. रक्त आले असल्याने जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) टोचावे लागेल. ते पहिल्या लसीबरोबरच घ्यायचे असते, आणि तुमची लस सुरूच झालेली नसल्याने ती संधी अजून हातात आहे. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सावकाश सरकतो, त्याला सहसा एक ते तीन महिने लागतात, आणि लसीला काम करायला हाच काळ मिळतो. तो विषाणू एकदा मेंदूत पोहोचला की रुग्णाला वाचवणारा उपचार आपल्याजवळ नाही. पिल्लू लहान होते म्हणून निर्धास्त राहू नका. जखम आता साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि मुलीला आजच न्या.

प्रश्न : भावाला तीन दिवस ताप आहे. तो अचानक विचित्र वागतो, ओळखीची नावे विसरतो, नसलेले वास येतात म्हणतो. त्याला ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्यावे, असे काही जण म्हणतात. गावचे लोक देवऋषी सुचवतात. (नेरूळ)

दोन्ही नको. तापाबरोबर वागणे बदलले, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो मेंदूदाह समजावा. ओठांवर ज्वराच्या पुळ्या आणणारा हर्पीस विषाणू क्वचित मेंदूच्या कानशिलाकडील भागात शिरतो आणि नेमके स्मरण, वास व भाषा यांवर घाव घालतो. उपचाराविना यात दहांपैकी सुमारे सात रुग्ण दगावतात. असायक्लोव्हिर हे त्या विषाणूवरचे औषध शिरेतून दोन ते तीन आठवडे दिल्यास बरेच वाचतात, पण ते अहवालाची वाट न पाहता सुरू व्हावे लागते. एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याला आज रात्रीच न्या. गाडी नसेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा आणि ताप कोणत्या दिवशी आला, पहिले विचित्र वाक्य तो कधी बोलला, हे डॉक्टरांना सांगता यावे म्हणून वाटेतच लिहून ठेवा.