दहा बाय चौदा फुटांचं घर बांधताय? मग आधी माती बघा

भाऊ, व्हिडिओतली छोटी घरं बघून शेतात तसंच बांधायचं म्हणता, पण त्यात मावायला सामान किती कमी करायचं ते नंतर ठरवा. शेतातली जागा काळी असेल तर खरा प्रश्न पायाचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हलक्या, छोट्या घराची भिंत तर लवकर तडकते. मुरूम लागेपर्यंत खोदा. फारच खोल असेल तर काळी माती तीनेक फूट काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं ठोकून घट्ट करायचा. एकदम भरला की पहिल्याच पावसाळ्यात फरशी खचते. जोतं दोन फूट ठेवा, सापविंचू आत येऊ नयेत म्हणूनही बरं.

व्हिडिओत दिसतो तसा झोपायचा माळा नको. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथं भट्टी होते. माळ्यावर गाद्या अन् धान्याच्या कोठ्या ठेवा. छत कवेलूंचं (कौलांचं) उत्तम; टिनच टाकायचे तर खाली सहा इंच मोकळे सोडून बांबूचे तट्टे लावा, वरून चुना मारा. पश्चिमेला खिडकी नकोच, तिकडं सहा फुटांची छपरी काढा. अर्धा संसार तसाही छपरीतच होतो.

लाकडी खांब मातीत गाडू नका, दगडावर उभे करा. नाहीतर उधई (वाळवी) आतून पोखरते अन् वरून काहीच दिसत नाही.